इमोजीची मान्यताप्रक्रिया आणि चिन्हाचे प्रामाण्य

१

'इमोजी' या शब्दाचा संबंध भावनावाचक इंग्रजी शब्दाशी जोडण्याची चूक सुशिक्षितांच्या लेखनातही वारंवार आढळते. वस्तुतः हा शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे लिपीतील अक्षर. या दोहोंचा समास 'चित्राक्षर' असा होतो, आणि इंग्रजी शब्दाशी दिसणारे साम्य केवळ योगायोगाचे आहे. व्युत्पत्तीची ही दुरुस्ती निव्वळ पांडित्यापोटी करावयाची नाही. जपानी शब्दातील उत्तरपद 'अक्षर' असे आहे, आणि एखादे चित्र अक्षर आहे असा दावा एकदा केला की ते कोणाच्या वर्णमालेत आणि कोणाच्या अनुमतीने दाखल झाले हा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो.

भाषेतील नवा शब्द कोणाच्या परवानगीने येत नाही. तो बोलला जातो, लिहिला जातो, काही काळ टिकतो आणि मग कोशकार त्याची नोंद घेतो. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांतून जे कार्य केले ते मूलतः नोंदीचे होते. बोलीतील, व्यवसायातील, जुन्या कागदपत्रांतील शब्द आधीच वापरात होते आणि कोश त्यांच्या मागोमाग गेला. इमोजीच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा आहे. येथे आधी नोंद होते व मागाहून वापर सुरू होतो. जे चिन्ह संकेतसूचीत नाही ते कळफलकावर येत नाही, आणि जे कळफलकावर नाही ते कोणी वापरू शकत नाही. त्यामुळे चिन्हाला मान्यता देणारी समिती येथे कोशकाराच्या नव्हे, तर काही अंशी भाषानिर्मात्याच्या भूमिकेत जाऊन बसते. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाला या प्रक्रियेत रस वाटावा तो या कारणाने. प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप पाहून, ती ज्या पुराव्यावर उभी आहे त्याची तपासणी करावयाची आहे.

२

पूर्वेतिहास थोडक्यात असा. जपानमधील भ्रमणध्वनी कंपन्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या यंत्रांवर लहान चित्रे देण्यास प्रारंभ केला. एका कंपनीच्या १९९७ मधील दूरध्वनी संचावर अशी ९० चित्रे होती. १९९९ साली एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रांचा संच तयार केला. प्रत्येक चित्र उभ्या-आडव्या बारा-बारा ठिपक्यांच्या चौकटीत बसविलेले होते. हवामानाच्या अंदाजातील खुणा, रस्त्यावरील फलक आणि जपानी चित्रकथांतील संकेत हे त्यांचे प्रेरणास्रोत होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०१६ साली हा संच आपल्या संग्रहात घेतला.

अडचण निर्माण झाली ती निराळ्याच कारणाने. प्रत्येक कंपनीने आपल्या चित्रांना स्वतंत्र संकेतांक दिले होते. एका कंपनीच्या ग्राहकाने पाठविलेला सूर्य दुसरीच्या ग्राहकाला रिकाम्या चौकटीसारखा दिसे. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक वर्णाला एकच कायमचा क्रमांक देण्याचे काम 'युनिकोड कन्सॉर्शियम' ही १९९१ साली कॅलिफोर्नियात नोंदलेली ना-नफा संस्था करते. तिच्याकडे हा प्रश्न गेला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत जपानी कंपन्यांच्या संचांतील ७२२ चित्रांची सोय झाली. त्यांपैकी ११४ चिन्हे आधीपासूनच या ना त्या निमित्ताने सूचीत होती व ६०८ नव्याने घेण्यात आली.

या पहिल्या प्रवेशाचे तत्त्व 'सुसंगती' हे होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कोणते चित्र अर्थपूर्ण, कोणते आवश्यक असा विचार त्यावेळी झाला नाही. जपानी मजकूर दुसऱ्या यंत्रावर जाताना नष्ट होऊ नये एवढेच प्रयोजन होते. म्हणूनच जगातील कोट्यवधी लोकांच्या कळफलकावर आज तांदळाचा त्रिकोणी गोळा, काडीला टोचलेले गोड गोळे आणि माशाच्या सांजाची नक्षीदार चकती विराजमान आहे. जोडलेले दोन हात जपानी संकेतानुसार विनंती वा आभार दर्शवीत. पाश्चात्त्यांनी त्यात प्रार्थना पाहिली आणि भारतीयांनी निःशंकपणे नमस्कार. जपानी करी-भाताच्या ताटलीत मराठी माणसाला वरणभात दिसत असेल तर त्यास दोष देता येणार नाही.

याच ६.० आवृत्तीत भारतीय रुपयाचे नवे चिन्हही दाखल झाले, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. मुंबईच्या आयआयटीत अध्ययन केलेल्या डी. उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांच्या मेळातून हे चिन्ह घडविले. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारले आणि तीनच महिन्यांत ते युनिकोडमध्ये आले. त्यामागे राज्यसंस्थेचा निर्णय होता, आणि चलनाच्या बाबतीत तेवढे प्रामाण्य पुरेसे ठरते. इमोजीमागे मात्र असे कोणतेही शासन उभे नसते. त्यांना प्रामाण्य मिळावे कोठून, हाच पुढील सर्व नियमांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

३

नव्या इमोजीचा प्रस्ताव कोणालाही पाठविता येतो. त्यासाठी संस्थेचे सभासदत्व लागत नाही. अलीकडच्या वर्षांत एप्रिलच्या प्रारंभापासून जुलैअखेरपर्यंत प्रस्ताव स्वीकारले जातात. प्रस्ताव इंग्रजीत लिहावा लागतो. त्याला एक ठरावीक साचा आहे: सुचविलेले नाव, शोधण्यास उपयोगी पडणारे शब्द, चित्राचे रंगीत व कृष्णधवल नमुने, आणि निकषांनुसार केलेले समर्थन. चित्राचे नमुने दोन आकारांत द्यावयाचे असतात, एक उभ्या-आडव्या ७२ ठिपक्यांचा आणि दुसरा १८ ठिपक्यांचा. १८ ठिपक्यांत जे ओळखू येत नाही ते टिकत नाही.

प्रस्ताव प्रथम इमोजीविषयक उपसमितीकडे जातो. बहुसंख्य प्रस्तावांचा प्रवास तेथेच संपतो. निवडक प्रस्ताव युनिकोडच्या तांत्रिक समितीपुढे ठेवले जातात. ही समिती वर्षातून चार वेळा भरते आणि तिच्यात मताचा अधिकार मुख्यतः शुल्क भरणाऱ्या पूर्ण सभासदांना असतो. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांची नावे त्यांत ओघाने येतात. समितीच्या संमतीनंतर चिन्ह 'उमेदवार' ठरते, त्याला संकेतांक दिला जातो, आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या समांतर मानकाशी मेळ घातला जातो आणि वार्षिक आवृत्तीबरोबर ते प्रसिद्ध होते. त्यानंतरही काम संपत नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या धाटणीने चित्र काढते आणि मग ते लोकांच्या हाती पडते. प्रस्तावापासून हातातील यंत्रापर्यंत दोन वर्षे जाणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे.

अनुकूल निकषांत पुढील गोष्टी येतात: चिन्हाला वाच्यार्थाखेरीज अन्य अर्थ असावेत, इतर चिन्हांशी जोडून त्यातून नवा अर्थ निघावा, त्याने आजवर न व्यापलेला प्रदेश व्यापावा, ते इतरांपासून स्पष्टपणे वेगळे दिसावे आणि त्याचा वापर विपुल होईल असा पुरावा असावा. प्रतिकूल निकष अधिक बोलके आहेत. व्यापारी चिन्हे, विशिष्ट व्यक्ती, विशिष्ट इमारती आणि देवता यांना प्रवेश नाही. क्षणिक लोकप्रियतेच्या वस्तू नकोत. ज्यात अक्षरे लिहावी लागतील ते नको. अतिविशिष्ट नको. जे उपलब्ध चिन्हांनी दाखविता येते ते नको. 'अमुक आहे म्हणून तमुकही हवे' हा युक्तिवाद सदोष मानला जातो. सह्यांच्या मोहिमांना पुरावा म्हणून किंमत दिली जात नाही. ध्वजांच्या बाबतीत तर २०२२ साली संस्थेने दारच बंद केले. आंतरराष्ट्रीय देशसंकेतांच्या यादीत एखादा प्रदेश नव्याने आला तरच त्याचा ध्वज आपोआप येतो. २०२४ च्या सोळाव्या आवृत्तीत सार्क या चिमुकल्या बेटाचा ध्वज आला तो याच वाटेने.

या कठोरपणाचे कारण युनिकोडच्या मूळ धोरणात आहे. एकदा दिलेला संकेतांक परत घेतला जात नाही आणि एकदा दिलेले अधिकृत नाव बदलले जात नाही. कोशातील शब्द अप्रचलित होऊन 'जुना प्रयोग' अशा खुणेनिशी मागे सरकतो. संकेतसूचीत तशी सोय नाही. सोळाव्या आवृत्तीअखेर मान्य इमोजींची संख्या ३,७९० झाली होती. त्यांत त्वचेच्या छटा दाखविणारे २०१५ पासूनचे पर्याय व जोडचिन्हे धरलेली आहेत, परंतु ती वजा केली तरी उरणारी संख्या लहान नाही.

नावाच्या अपरिवर्तनीयतेचे एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत साडी, रिक्षा, हिंदू मंदिर आणि पणती ही चार चिन्हे आली. त्यांपैकी पणतीचे अधिकृत नाव 'दिया लॅम्प' असे आहे. हिंदी शब्द आणि त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द यांचा हा द्विरुक्त समास आता कायमचा झाला. प्रत्येक भाषेतील स्थानिक नावे व शोधशब्द ठरविण्यासाठी युनिकोडचाच एक स्वतंत्र उपक्रम आहे, त्यात मराठीचाही समावेश आहे आणि तेथील नावे सुधारता येतात. मराठीच्या किती विभागांना त्याची वार्ता आहे हा प्रश्न निराळा.

४

आता मूळ मुद्दा. ज्या चिन्हाला अद्याप अस्तित्वच नाही त्याच्या वापराचा पुरावा कसा देणार? मार्गदर्शिकेने यावर काढलेला उपाय असा, की चिन्ह ज्याचे प्रतिनिधित्व करणार त्या *शब्दाचा* वापर मोजावा. प्रस्तावकाने गूगलच्या शोधांतील त्या शब्दाच्या प्रमाणाचे आलेख, चित्रफितींच्या शोधाचे आकडे आणि छापील ग्रंथांतील शब्दवारंवारता दाखविणाऱ्या 'एनग्रॅम' साधनाचे आलेख जोडावयाचे. काही वर्षे तुलनेसाठी 'हत्ती' या अर्थाचा इंग्रजी शब्द प्रमाण मानला गेला, कारण हत्तीचे चिन्ह वापराच्या दृष्टीने सर्व इमोजींच्या साधारण मध्यावर होते. सुचविलेला शब्द हत्तीच्या वर की खाली, यावरून त्याचे वजन ठरे.

या योजनेत एक अंतर्विरोध दडलेला आहे. इमोजी भाषांच्या सीमा ओलांडते, ती शब्दनिरपेक्ष आहे, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु तिचा प्रवेश मात्र शब्दाच्या खांद्यावर बसून होतो, आणि तो शब्द व्यवहारतः इंग्रजी असतो. ग्रंथवारंवारतेच्या ज्या साधनाचा उल्लेख वर आला त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, चिनी इत्यादी भाषांतील ग्रंथ आहेत. एकही भारतीय भाषा नाही. मराठीत पणतीवर शंभर वर्षे लिहिले गेले असले तरी त्याचे वजन या तराजूत पडत नाही. ते पडते ते 'दिया' हा शब्द इंग्रजी मजकुरात आला तेव्हाच. सोस्यूरने चिन्हाची चिन्हक आणि चिन्हित अशी दोन अंगे मानली, त्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे एका चिन्हव्यवस्थेतील चिन्हिताचे मोल दुसऱ्या चिन्हव्यवस्थेतील चिन्हकाच्या वारंवारतेवरून ठरविले जाते.

हीच समिती दुसऱ्या प्रकारचा पुरावाही तपासत असते, म्हणून हा फरक अधिक ठळक होतो. मोडी लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१४ सालच्या ७.० या आवृत्तीत. त्यासाठी अंशुमान पांडे यांनी सिद्ध केलेल्या प्रस्तावात मोडीतील लेखनाचे नमुने, अक्षरांच्या आकृती, जोडाक्षरांचे वर्तन यांची मांडणी होती. तेथे प्रश्न 'हे चिन्ह लिहिले गेले होते काय' असा होता आणि दप्तरखान्यांतील रुमालांनी त्याचे उत्तर दिले. देवनागरीतील 'ॲ' या वर्णाची कथाही याच जातीची आहे. मराठीत 'ॲ' प्रत्यक्ष छापला जात होता, पण त्याला स्वतंत्र संकेतांक नव्हता. तो २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाला. पुढे २००९ साली महाराष्ट्र शासनाने वर्णमालेविषयी निर्णय काढला तेव्हा 'ॲ' व 'ऑ' यांना मराठीच्या स्वरांत अधिकृत स्थान मिळाले. लिपीच्या बाबतीत पुरावा भूतकाळातून येतो. इमोजीच्या बाबतीत तो भविष्याविषयीचा अंदाज असतो. एकाच समितीच्या एकाच टेबलावर प्रामाण्याच्या या दोन भिन्न कल्पना शेजारी शेजारी पडलेल्या असतात, आणि त्या दोन्हींना 'पुरावा' असेच म्हटले जाते.

ही पद्धत केवळ अन्यायकारक आहे असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. प्रत्येक समाजाची प्रत्येक वस्तू सूचीत येऊ शकत नाही. आली तर कळफलक निरुपयोगी होईल. मर्यादा घालणे भाग आहे. व्यापकतेचा निकष त्या मर्यादेतून निघतो आणि त्याचे परिणाम काही वेळा अनपेक्षितपणे उदार असतात. २०१७ च्या १०.० आवृत्तीत सारण भरून उकडलेल्या वा तळलेल्या पिठाच्या पदार्थाचे एक चिन्ह आले. जेनिफर ८. ली आणि चित्रकार यियिंग लू यांनी ते पुढे आणले तेव्हा त्यांचा युक्तिवाद असा होता, की असा पदार्थ जवळजवळ प्रत्येक संस्कृतीत आहे. चित्र चिनी धाटणीचे असले तरी नाव जातिवाचक आहे. उद्या कोणी उकडीच्या मोदकाचा प्रस्ताव दिला, तर तो बहुधा 'उपलब्ध चिन्हाने दाखविता येतो' याच कारणाने परत येईल. मोदक आणि मोमो यांच्यातील अंतर ज्याला जाणवते त्याला हे उत्तर पटणार नाही. परंतु जातिवाचक नामाने व्यक्तिविशेषाला पोटात घेणे ही भाषेचीही नित्याची रीत आहे, हेही नाकारता येत नाही.

याच आवृत्तीत डोक्याला वस्त्र गुंडाळलेल्या स्त्रीचे चिन्ह आले. बर्लिनमध्ये राहणाऱ्या रयूफ अल्हुमेदी या सौदी मुलीने २०१६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, हिजाब परिधान करणाऱ्या स्त्रियांसाठी त्याची मागणी केली होती. अधिकृत नावात 'हिजाब' हा शब्द नाही. 'मस्तकवस्त्र घेतलेली व्यक्ती' अशा अर्थाचे नाव आहे. मागणी विशिष्टाची, मान्यता सामान्याची. डोक्यावरून पदर घेतलेल्या मराठी आजीसाठीही आज तेच चिन्ह वापरता येते, आणि वापरले जाते तेव्हा मूळ मागणीचा संदर्भ पूर्णपणे पुसला गेलेला असतो.

५

अनेकार्थतेचा निकष साहित्याच्या अभ्यासकाने विशेष थांबून पाहावा असा आहे. जे चिन्ह केवळ वाच्यार्थापुरते आहे ते दुबळे आणि ज्याला लक्ष्यार्थ आहे ते सबळ, असे येथे जणू नियमानेच ठरविले गेले आहे. काव्यशास्त्राने अभिधा, लक्षणा आणि व्यंजना असा शब्दशक्तींचा चढता क्रम लावला. एका तांत्रिक समितीने नकळत त्याच क्रमाला प्रवेशपरीक्षेचे रूप दिले आहे.

या निकषाचे सामर्थ्य आणि त्याची किंमत दोन्ही एकाच उदाहरणात दिसतात. प्लॅन इंटरनॅशनल या बालिकांच्या हक्कांसाठी कार्य करणाऱ्या संस्थेच्या ब्रिटनमधील शाखेने मासिक पाळीसाठी इमोजी असावी अशी मोहीम हाती घेतली. पाळीविषयीचा संकोच मोडावा हा तिचा हेतू होता. लोकांच्या पसंतीला उतरलेले चित्र होते रक्ताचे थेंब दाखविणाऱ्या अंतर्वस्त्राचे. २०१७ मध्ये हा प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. त्यानंतर संस्थेने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रक्तविभागाच्या सहकार्याने नवा प्रस्ताव दिला. त्यात केवळ रक्ताचा एक थेंब होता. तो मान्य झाला आणि २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत, पणती आणि साडीच्या बरोबरीने, प्रसिद्ध झाला.

निकषांच्या भाषेत हा निकाल सुसंगत आहे. अंतर्वस्त्राचे चित्र एकाच गोष्टीकडे बोट दाखविते. थेंब रक्तदान, जखम, वैद्यकीय तपासणी, नातेसंबंध आणि पाळी या सर्वांना सामावून घेतो. पर्सच्या वर्गीकरणात पहिले चित्र प्रतिमा-चिन्हाच्या जवळ आहे, तर दुसरे वापरानुसार निर्देश-चिन्ह बनते. परंतु मोहिमेच्या हेतूच्या दृष्टीने पाहिले तर काय घडले? जे नाव घेऊन सांगावयाचे होते ते पुन्हा सूचितार्थाच्या आड गेले. मराठीत या विषयासाठी 'कावळा शिवणे', 'बाहेरची होणे', 'अडचण' असे प्रयोग रूढ होते आणि काही घरांत अद्यापही आहेत. त्यांत लक्षणा आहे खरी, पण ती झाकण्यासाठी योजलेली आहे. 'कावळा शिवणे' यात मुख्यार्थाचा इतका लोप झाला आहे, की कावळ्याचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. ही रूढिलक्षणा होय. थेंबाच्या बाबतीत मुख्यार्थ जिवंत आहे व प्रयोजन उघड आहे. तरीही वाचणाऱ्याला 'रक्तदान' असा सोज्ज्वळ अर्थ घेण्याची मोकळीक राहतेच. संकोच मोडण्यासाठी मागितलेले चिन्ह संकोचाला जागा ठेवील अशाच रूपात मिळाले. हा दोष समितीच्या सदस्यांचा नव्हे. अनेकार्थतेला गुण मानणाऱ्या निकषाचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

अर्थात अभिधेला कधीच वाव मिळत नाही असे नाही. डासाचे चिन्ह २०१८ साली आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संबंधित एक केंद्र आणि गेट्स प्रतिष्ठान यांनी २०१७ मध्ये त्याचा प्रस्ताव दिला होता आणि त्यामागे हिवताप, डेंग्यू यांविषयी लोकांना सावध करण्याचा सरळ हेतू होता. डास हा डासच राहतो. याच्या उलट टोकाला २०२१ चा वितळणारा चेहरा आहे. दृश्यभाषेचे अभ्यासक नील कोन आणि जेनिफर डॅनियल यांनी सुचविलेल्या या चिन्हात उकाड्यापासून ओशाळेपणापर्यंत आणि उपरोधापर्यंत सर्व छटा सामावतात. हसू कायम ठेवून चेहरा मात्र ओघळतो, यातील विसंगती हाच त्याचा व्यंग्यार्थ आहे.

अनेकार्थता नडलेलेही एक प्रकरण आहे. २०१६ च्या ९.० आवृत्तीसाठी ऑलिंपिक क्रीडाप्रकारांच्या निमित्ताने बंदुकीचे चिन्ह उमेदवार होते. ते नेमबाजीसाठी होते, परंतु नेमबाजीखेरीज त्याचे दुसरे अर्थ कोणालाही सांगावे लागत नव्हते. ॲपल व मायक्रोसॉफ्ट यांनी हरकत घेतली. संकेतांक राहिला, पण इमोजीच्या यादीतून चिन्ह वगळले गेले.

६

रूपाचा प्रश्न येथेच निघतो. युनिकोड चिन्हाला क्रमांक आणि नाव देते. त्याचे प्रत्यक्ष रेखाटन करणाऱ्यावर सोडते. देवनागरीत हे नवे नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे आणि हिंदी वळणे वेगळी आहेत, संकेतांक एकच. कोणते वळण उमटावे हे टंक ठरवितो. वळण बदलले तरी 'ल'चा 'ल'च राहतो. इमोजीत हा हवाला पुरत नाही. जपानी संचातून २०१० साली आलेल्या पिस्तुलाच्या जागी ॲपलने २०१६ मध्ये पाण्याची पिचकारी काढली, २०१८ मध्ये इतर प्रमुख कंपन्यांनी तेच केले, आणि २०२४ मध्ये एक्स या कंपनीने पुन्हा खरे पिस्तूल आणले. संकेतांक तोच, नाव तेच. एका यंत्रावर खेळ आणि दुसऱ्यावर धमकी. समितीने दिलेली मान्यता अर्थाला हात लावू शकत नाही, तो अखेर चित्रकाराच्या व त्याच्या मालकाच्या हाती राहतो.

७

शेवटी एका अदृश्य चिन्हाचा उल्लेख करावयाचा आहे. सर्वच नव्या इमोजींना नवा संकेतांक मिळतो असे नाही. पुष्कळ चिन्हे उपलब्ध चिन्हांच्या जोडणीतून घडतात. पुरुष, स्त्री आणि मुलगी ही तीन स्वतंत्र चिन्हे विशिष्ट जोडखुणेने सांधली की एकच कुटुंब दिसते. स्त्री आणि संगणक यांच्या सांध्यातून संगणकावर काम करणारी स्त्री तयार होते. या जोडखुणेला स्वतःचे रूप नाही, रुंदीही नाही. 'शून्य रुंदीचा जोडक' असेच तिचे नाव आहे. २०१५ पासून इमोजीच्या विस्ताराचा फार मोठा भाग या जोडकावर झालेला आहे. संकेतांकांची उधळपट्टी न करता नवे अर्थ मिळत असल्याने समितीलाही हा मार्ग सोयीचा वाटतो.

हा जोडक इमोजीसाठी निर्माण झालेला नाही. जोडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांच्या गरजेतून तो युनिकोडमध्ये आधीपासून होता आणि मराठीशी त्याचा संबंध अगदी निकटचा आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास', 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोड्यांत भेद आहे तो केवळ 'र'च्या रूपाचा. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात मराठीचा खास आडवा 'र'. हिंदीत हा भेद नाही, म्हणून देवनागरीच्या यांत्रिक मांडणीत त्याची वेगळी सोय करावी लागली. ती दोन प्रकारे झाली. एका रीतीत नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलंत चिन्ह वापरावयाचे. दुसरीत साधा 'र', हलंत चिन्ह आणि मग हाच अदृश्य जोडक. छापलेल्या पानावर दोहोंचे रूप सारखे दिसते. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. एका रीतीने लिहिलेले 'कऱ्हाड' शोधताना दुसऱ्या रीतीने लिहिलेले 'कऱ्हाड' हाती लागेलच अशी खात्री देता येत नाही.

जोडक गळाला तर काय होते, हे दोन्हीकडे तपासून पाहण्यासारखे आहे. जुन्या यंत्रावर कुटुंबाचे चिन्ह पाठविले की ते विस्कटते. एका चित्राच्या जागी पुरुष, स्त्री आणि मुलगी ओळीने उभे राहतात. काहीतरी तुटले आहे हे वाचणाऱ्याला दिसते आणि अभिप्रेत अर्थ तो जुळवूनही घेतो. मराठी मजकुरातील जोडक मात्र एका प्रणालीतून दुसरीत जाताना, अथवा 'निरुपयोगी' चिन्हे गाळणाऱ्या एखाद्या साधनातून जाताना पडला, तर 'आचाऱ्यास बोलाविले'चे 'आचार्यास बोलाविले' होते. वाक्य निर्दोष राहते, शब्द कोशात सापडतो, मुद्रितशोधकाची नजर त्यावरून सहज पुढे जाते. स्वयंपाक्याच्या जागी गुरू येऊन बसल्याची कोणतीही खूण पानावर उरत नाही.